अण्णांचा परतावा

“रिफंड,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी खिडकीच्या आत दोन पावत्या सरकवल्या.

आतल्या माणसानं पावत्यांकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग माझ्याकडं. मी माझ्या चपलेकडं बघितलं.

“सर,” तो म्हणाला, “ही देश सोडून जाणाऱ्या प्रवाशांनी कर भरायची खिडकी आहे. माणशी वीस डॉलर. दोघांचे चाळीस.”

“येस,” अण्णा समाधानानं म्हणाले. “आउट. करेक्ट. सो, रिफंड.”

ही १९९७ सालच्या जूनमधली, पाच तारखेची, गुरुवारची गोष्ट. देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण यात त्या देशाची काहीच चूक नव्हती. समुद्रातलं एक चिमुकलं बेट होतं. माझा थोरला भाऊ शिरीष तिथल्या एका हॉटेलात हिशेबनीस होता. आई गेल्यापासून अण्णा घराबाहेर पडेनासे झाले होते, म्हणून दादानं हट्टानं तिकिटं पाठवून आम्हा दोघांना महिनाभर बोलावून घेतलं होतं. तो महिना संपला होता. सामान विमानात चढलं होतं, दुपारी दीडला विमान सुटणार होतं, आणि आम्ही दोघं या खिडकीपाशी अडलो होतो.

अण्णांचं म्हणणं समजून घ्यायचं तर अण्णा कोण हे आधी सांगायला हवं. सदाशिव वैरागकर, बार्शी नगरपालिकेत जकात निरीक्षक. शहरात येणाऱ्या मालावर वेशीवरच कर घ्यायचा, ती जकात. लातूर रोडच्या नाक्यावर एक पत्र्याची खोली, एक टेबल, एक आडवा बांबू आणि मागं अण्णा, अशी चौतीस वर्षं गेली. त्या चौतीस वर्षांत त्यांनी ट्रकवाल्यांना मुख्यतः दोनच वाक्यं ऐकवली. कोणी रडगाणं सुरू केलं की म्हणायचे, “ते राहू दे, कागद काय म्हणतो?” आणि कोणी हुज्जत घातली की बोट वर करायचे, “फलक लावलाय. वाचता येतं ना? वाचा मग.”

आता जकातीचा एक नियम असा होता, की कर भरून आत आलेला माल विकला न जाता तसाच शहराबाहेर निघाला, तर पावती दाखवून भरलेली रक्कम परत मिळे. त्याला परतावा म्हणत. महिन्यापूर्वी या बेटावर उतरताना आमच्याकडून माणशी पंधरा डॉलर प्रवेश शुल्क घेतलं होतं. अण्णांनी त्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला रबर लावून, बनियनच्या खिशात जपल्या होत्या. आम्ही आत आलो होतो आणि आता तसेच बाहेर चाललो होतो. अण्णांच्या हिशेबानं त्या देशाकडून आम्हाला तीस डॉलर येणं होतं.

“माल तोच आहे, वजन तेच आहे,” ते मला मराठीत म्हणाले. “सांग त्याला.”

वजन तेच नव्हतं. वहिनीच्या हातचं खाऊन अण्णा तीन किलोनं भरले होते. पण तो मुद्दा मी काढला नाही.

“अण्णा, दादानं सांगितलं होतं ना, जाताना कर भरावा लागतो म्हणून? त्यानं सोमवारी चाळीस डॉलर दिले होते तुमच्याजवळ. ते द्या आणि चला.”

अण्णांनी घसा खाकरला. “ते खर्च झाले.”

“खर्च? कशावर?”

“एक वस्तू घेतली,” ते म्हणाले. “अगं, परतावा मिळणार होता की!”

मला मंगळवार आठवला. अण्णा एकटेच बाजारात फिरून आले होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी पिशवीच्या तळाशी दडवलं होतं. काय आहे म्हणून विचारलं, तर “काही नाही, वस्तू आहे,” एवढंच उत्तर मिळालं होतं. ती पिशवी आताही त्यांच्या खांद्याला होती.

पुढचं विमान पुढच्या गुरुवारी होतं. आणि माझ्या पर्समध्ये एक सरकारी पत्र होतं. तीन वर्षं खोलीची दारं बंद करून अभ्यास केला, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा विक्रीकर निरीक्षक म्हणून माझी निवड झाली. सोलापूरला नेमणूक. हजर व्हायला एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती. आता पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, की सोमवार दिनांक ९ जून रोजी कार्यालयीन वेळेत हजर न झाल्यास नियुक्ती रद्द समजण्यात येईल. हे विमान चुकलं, तर माझी नोकरी गेली.

खिडकीतल्या माणसाच्या छातीवर ‘ऑगस्टीन’ अशी पट्टी होती. पन्नाशीचा, अंगानं थोराड, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, शर्टाची इस्त्री कडक. त्याच्यासमोर पावतीपुस्तक, शाईचं पॅड आणि शिक्का ओळीनं मांडलेले होते. हे सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. अण्णांचं इंग्रजी म्हणजे जकातीच्या छापील नमुन्यांतले चाळीसएक शब्द, पण त्या चाळिसांवर त्यांची हुकमत होती.

“सर,” ऑगस्टीन अदबीनं म्हणाला, “प्रवेश शुल्क वेगळं, निर्गमन कर वेगळा. परत काहीच मिळत नाही. मागं रांग आहे, कृपा करून बाजूला उभे राहा.”

इतर कोणी असता तर तिथंच ठाण मांडून बसला असता. अण्णा ताबडतोब बाजूला झाले. गाडी बाजूला घ्या म्हटलं की घ्यायची, हा नाक्याचा कायदा. ते खिडकीशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, श्वास घेतला, आणि मग रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले.

“अण्णा, काय करताय?”

“नंबर लावतोय.”

दहा मिनिटांनी नंबर आला.

“रूल,” अण्णा म्हणाले. “शो मी रूल. विच सेक्शन?”

ऑगस्टीननं खणातून एक पुस्तिका काढली, पान उघडलं, बोट ठेवलं. अण्णांनी चष्मा लावून अख्खं पान वाचलं. मागं बसलेल्या मला एवढंच दिसत होतं, की दोन माणसं एका पुस्तिकेवर डोकी जोडून वाकली आहेत. मग अण्णा म्हणाले, “गुड ड्राफ्टिंग,” आणि पुन्हा बाजूला झाले.

“काय म्हणतो कागद?” मी चिडून विचारलं.

“त्याचं बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “पण ही पद्धत चुकीची आहे. येतानाही घ्यायचे आणि जातानाही घ्यायचे? मग माणसानं यावं तरी कशाला?”

“अण्णा, पद्धतीचं नंतर बघू. पैसे कुठून आणायचे ते सांगा. बारा वाजून गेलेत. पावणेएकला आतलं दार बंद होतं.”

“शिरीषला फोन कर.”

“दादा आपल्याला सोडून दहालाच निघाला. हॉटेल तीन तासांवर आहे. तो अजून वाटेत असेल.”

तेव्हा कुठं अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसली. त्यांनी खिसे चाचपले. एक रुमाल निघाला, सुपारीची डबी निघाली, आणि भारतातल्या शंभराच्या तीन नोटा निघाल्या. त्या घेऊन ते तिसऱ्यांदा रांगेच्या शेवटी उभे राहिले. रुपये चालतात का विचारायला. ‘फक्त डॉलर’ असं मोठ्या अक्षरांत खिडकीवरच लिहिलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

माझ्याकडं वीस डॉलरची एक नोट होती. सकाळी निरोप घेताना दादानं माझ्या मुठीत कोंबली होती. “अण्णांना सांगू नकोस. वाटेत काही लागलं तर असू दे,” म्हणाला होता. वीस डॉलर म्हणजे एकाचा कर. दोघांचा नव्हे. आणि अण्णांना एकट्यानं त्या बेटावर सोडून मी विमानात कशी बसणार? मी घड्याळाकडं बघितलं. बारा वाजून वीस मिनिटं. अण्णांच्या पुढं रांगेत पाच माणसं होती. एक प्रवासी खिडकीपासून निघाला होता, पुढचा अजून सरकला नव्हता.

मी पर्समधून नोट काढली. तिच्या चार घड्या घातल्या, नखानं दाबल्या. माझ्या पासपोर्टच्या पानात ठेवली, वरून दोघांचे बोर्डिंग पास ठेवले, आणि रांग मोडून खिडकीशी गेले.

“सर,” मी हळू आवाजात म्हणाले. माझं इंग्रजी अण्णांपेक्षा चांगलं होतं, याची त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. “आम्ही दोघं आहोत. माझे वडील वयस्क आहेत. तुम्ही हे ठेवा. पावती नाही दिलीत तरी चालेल.”

ऑगस्टीननं पासपोर्ट उघडला. नोट बाहेर काढली. तिच्याकडं जरा वेळ बघितलं. मग त्यानं ती एक एक घडी करून उलगडली, समोरच्या फळीवर ठेवली आणि तळहाताच्या कडेनं दाबून सरळ केली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. अगदी सावकाश. मी तिथं उभी होते. मला कान तापल्याचं कळत होतं, कुठं बघावं हे कळत नव्हतं, आणि तो माणूस काही घाई करत नव्हता.

“एका व्यक्तीचा कर, वीस डॉलर, मिळाले,” तो मोठ्यानं म्हणाला. खण उघडून त्यानं नोट आत ठेवली आणि पावतीपुस्तक पुढं ओढलं. “कुणाच्या नावानं पावती करू?”

मी मागं वळले. अण्णा रांगेतून पुढं आले होते. माझ्या अगदी पाठीशी उभे होते. त्यांनी फळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

“हर नेम,” ते ऑगस्टीनला म्हणाले. “उज्ज्वला सदाशिव वैरागकर. शी मस्ट गो. ड्यूटी जॉइनिंग. आय विल स्टे.”

“अण्णा!”

“तू जा. सोमवारी हजर हो. मी पुढच्या गुरुवारी येतो. शिरीषला दुपारी फोन लागेल. तोपर्यंत बसतो इथं बाकावर.” आवाज नेहमीचा होता. तोच आवाज ऐकून मला रडू फुटलं. आई गेल्यानंतर जो माणूस भाजी आणायलाही एकटा बाहेर पडत नव्हता, तो परक्या देशात आठवडाभर राहायला तयार झाला होता, आणि त्याच वेळी मी त्याच्या डोळ्यांसमोर काय करून बसले होते!

ऑगस्टीननं माझी पावती लिहिली. मग हात पुढं केला. “सर, तुमचाही पासपोर्ट द्या. राहणार असाल तर तुमचा बोर्डिंग पास रद्द करायला नाव लागेल.”

अण्णांचा पासपोर्ट आतल्या खिशात सेफ्टी पिनेनं बंद केलेला होता. तासाभरात तो एकदाही बाहेर आला नव्हता. अण्णांनी सगळा लढा पावत्यांच्या जोरावर चालवला होता. पिन निघाली. ऑगस्टीननं पासपोर्ट उघडला, चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

“सर,” तो म्हणाला, “तुमची जन्मतारीख एक जून एकोणीसशे बत्तीस.”

“येस.”

“म्हणजे गेल्या रविवारी तुम्हाला पासष्ट पूर्ण झाली. पासष्ट पूर्ण झालेल्यांना हा कर माफ आहे.” त्यानं पेनानं खिडकीशेजारच्या भिंतीकडं दाखवलं. “तिथं फलक आहे.”

आम्ही दोघांनी तिकडं बघितलं. दोन वर्षांखालची मुलं, विमानाचे कर्मचारी, पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्ती. हातभर मोठा फलक. मघापासून अण्णा दर वेळी बाजूला होऊन त्याच फलकाला पाठ लावून उभे राहत होते. जन्मभर लोकांना फलक वाचायला लावणारा माणूस!

मला इतका आनंद झाला की मी ऑगस्टीनचा हात धरणार होते. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “नो.”

“नो?”

“आय ॲम नॉट सिक्स्टी-फाइव्ह. दिस डेट इज फॉल्स.”

वीस पावलांवर बंदूकवाला पोलीस उभा होता. मी अण्णांच्या दंडाला चिमटा काढला. “अण्णा, गप्प बसा! विमानतळावर पासपोर्टवरची तारीख खोटी आहे असं कोणी सांगतं का?”

“खोटी आहे तर खोटीच सांगणार. फुकटची सूट मला नको.”

आणि मग माझ्या वडिलांनी आपल्या चाळीस शब्दांनिशी त्या माणसाला आपल्या जन्माची हकिगत सांगितली. अण्णा खरे चौतीस सालचे, भाद्रपदातले, पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशीचे. आजी शेतावर जायची, घरी पोराला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तिनं चार वर्षांच्या अण्णांना नेऊन शाळेत बसवलं. गुरुजी म्हणाले, सहा पूर्ण असल्याशिवाय नाव घालता येत नाही. आजी म्हणाली, मग घाला की सहा. गुरुजींनी घातलं, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख टाकली एक जून. “मदर, फार्म गोइंग,” अण्णा हातवारे करून सांगत होते. “मी, स्मॉल. टीचर, कलम मारलं, फिनिश.”

ऑगस्टीन हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता. “म्हणजे असं आहे होय,” तो म्हणाला. “चौदा वर्षं मी इथं बसतो. तुमच्या देशातले कितीतरी प्रवासी एक जूनला जन्मलेले दिसतात. मला वाटायचं, तो तुमचा मोठा सण असावा.”

“सण कसला! त्या तारखेमुळं माझी सव्वादोन वर्षांची नोकरी गेली,” अण्णा उसळून मराठीतच म्हणाले आणि मला बजावलं, “सांग त्याला.” मी सांगितलं. निवृत्ती कागदावरच्या तारखेनं झाली. छप्पन्न संपायचं होतं, तेव्हाच सरकारदरबारी अठ्ठावन्न भरली. अण्णांनी नगरपालिकेत अर्ज केला होता, आजीचं प्रतिज्ञापत्रसुद्धा जोडलं होतं. वरून उत्तर आलं, कागदोपत्री नोंद ग्राह्य.

घड्याळात बारा पस्तीस झाले होते. मागं एक बाई पाय आपटत होती.

ऑगस्टीननं पेन खाली ठेवलं. पासपोर्टचं उघडं पान अण्णांकडं वळवलं. “सर, तुमची आई, तुमचे शिक्षक, ते सगळं राहू द्या. मला एकच सांगा. हा कागद काय म्हणतो?”

चौतीस वर्षं जे वाक्य त्यांनी दुसऱ्यांच्या अंगावर टाकलं, ते पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर आलं होतं. त्यांनी त्या पानाकडं बघितलं. नंतर ऑगस्टीनच्या इस्त्रीच्या शर्टाकडं, पावतीपुस्तकाकडं, ओळीनं मांडलेल्या शिक्क्याकडं बघितलं. सख्खा भाऊ भेटावा तसा त्यांचा चेहरा हळूहळू पालटत गेला.

“एक जून, नाइन्टीन थर्टी-टू,” ते म्हणाले.

“मी कागदावर चालतो,” ऑगस्टीन म्हणाला.

“करेक्ट,” अण्णा म्हणाले आणि खिडकीतून हात आत घातला. दोघांनी हस्तांदोलन केलं. मी पासपोर्ट उचलले आणि अण्णांची पिशवी ओढली.

“थांब,” अण्णा म्हणाले. “रिसीट?”

“अण्णा, कर माफ झालाय! पावती कसली?”

“माफीची. उद्या आत कोणी विचारलं तर?”

मी कपाळाला हात लावला. पण ऑगस्टीननं खालचा खण उघडला आणि एक निळं पावतीपुस्तक काढलं. ‘करमाफ प्रवासी’ असं त्यावर छापलेलं होतं. त्यानं शून्य रकमेची पावती लिहिली, शिक्का मारला, फुंकर घातली आणि दोन्ही हातांनी दिली. ती घेताना अण्णा जितके खूश दिसले तितके मी त्यांना माझा निकाल लागला तेव्हाही बघितलं नव्हतं.

आतल्या दारातून आम्ही पळत गेलो. दार आमच्या मागं बंद झालं.

विमान वर चढलं, खाली बेट बशीएवढं झालं, तरी अण्णा त्या निळ्या पावतीकडं बघत होते. “त्या तारखेनं माझा सव्वादोन वर्षांचा पगार खाल्ला,” ते म्हणाले. “त्यातले वीस डॉलर आज वळते झाले. म्हणजे परतावा मिळाला म्हणायचा.” थोड्या वेळानं म्हणाले, “अजून बरेच येणे आहेत.”

मला हसू आलं नाही. मी वाट बघत होते.

विमानातली बाई जेवणाचे ट्रे घेऊन गेल्यावर त्यांनी विचारलं, “नोट कुणी दिली?”

“दादानं.”

“मला सांगू नको म्हणाला?”

“हो.”

“हुशार आहे,” अण्णा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आणि ती घडी कुठं शिकलीस?”

मला उत्तर माहीत होतं. चौथीत असल्यापासून शाळा सुटली की मी नाक्यावर अण्णांचा डबा घेऊन जायची. स्टुलावर बसून पाय हलवत ट्रक बघायची. ड्रायव्हर लोक मालाचे कागद टेबलावर ठेवायचे आणि कागदांत एक नोट असायची. चार घड्या घातलेली, दाबून चपटी केलेली. अण्णा ती काढायचे, उलगडायचे, टेबलावर तळहातानं सरळ करायचे आणि परत द्यायचे. मग म्हणायचे, “हं, आता कागद काय म्हणतो ते बघू.”

“नाक्यावर,” मी म्हणाले.

“मी कधी घेतली होती?”

“नाही, अण्णा. तुम्ही परत देताना बघितली.”

एवढं बोलले आणि मी ढसाढसा रडले. शेजारच्या माणसानं घाबरून आपला रुमाल पुढं केला. “सोमवारी मी कुठल्या तोंडानं हजर होऊ?”

“आहे त्याच तोंडानं,” अण्णा म्हणाले. “दुसरं कुठून आणणार?”

मग त्यांनी पिशवीत हात घालून ती वस्तू काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी वर्तमानपत्र सोडलं. आत एक तारखेचा शिक्का होता. वेगळं पॅड लागत नाही, शाई आतच असते, नुसता दाबला की तारीख उमटते, अशा जातीचा. मी तोवर तसा कधी बघितला नव्हता.

“चौतीस वर्षं पॅडवर आपटून आपटून माझं मनगट गेलं,” अण्णा म्हणाले. “म्हटलं, तुझं जायला नको.”

मी तो हातात धरून बसले. मग विचारलं, “अण्णा, तुम्ही ती नोट सरळ का करायचात? तशीच परत का नाही द्यायचात?”

“तशीच दिली तर तो तशीच पुढच्या नाक्यावर देतो. सरळ करून दिली की त्याला पुन्हा स्वतःच्या हातानं घड्या घालाव्या लागतात. तेवढा वेळ त्याला मिळावा म्हणून.” आणि मग म्हणाले, “त्या ऑगस्टीननं चांगली सरळ केली. माझ्यापेक्षा चांगली.”

सोमवारी सकाळी दहाला मी सोलापूरच्या कार्यालयात हजर झाले. हजेरी अहवालावर सही केली आणि खाली माझ्या शिक्क्यानं तारीख उमटवली. साहेबांनी तो मागून घेऊन दोनदा दाबून बघितला. त्याच्या पट्टीवर २००८ पर्यंतचीच वर्षं होती, पण तोवर त्यानं एकही दिवस दगा दिला नाही. अण्णा २००६ मध्ये गेले. कागदावर चौऱ्याहत्तर, खरे बहात्तर.

नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात चादरींचा एक व्यापारी माझ्यासमोर फाइल ठेवून बसला. माझ्या वडिलांच्या वयाचा होता, घाम पुसत होता, विवरणपत्र भरायला उशीर झाला होता. मी फाइल उघडली. तिसऱ्या कागदाखाली पाचशेची नोट होती. चार घड्यांची.

मी ती उलगडली. टेबलावर ठेवली आणि तळहातानं दाबली, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. घाई केली नाही. त्याचे कान तापलेत आणि कुठं बघावं हे त्याला कळत नाहीये, हे मान वर न करताही मला माहीत होतं. मग नोट त्याच्या पुढं सरकवली आणि म्हणाले, “काका, आता कागद काय म्हणतो ते बघू.”

त्यानं नोट उचलली आणि खिशात घालण्यासाठी तिच्या घड्या घालू लागला. चार घड्या घालायला त्याला बराच वेळ लागला. तो होईपर्यंत मी थांबले.